घटकराज्यांचे परराष्ट्र व्यवहार आणि शाळेतला वंशाचा प्रश्न : तरुण संशोधकांना खुले पत्र

प्रति,
अमेरिका व कॅनडातील विद्यापीठांत राज्यशास्त्र आणि शिक्षणधोरण यांचा अभ्यास करणारे मराठी भाषक संशोधक

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काहीजण घटकराज्यांच्या जागतिक प्रभावाचा अभ्यास करत आहात. गव्हर्नरांचे परदेश दौरे, राज्यांची व्यापार कार्यालये, परदेशी प्रांतांशी झालेले सामंजस्य करार, कॅलिफोर्निया आणि कॅनडाचा फ्रेंच भाषक प्रांत क्युबेक यांनी २०१४ मध्ये एकमेकांशी जोडलेली कार्बन बाजारपेठ (कार्बन उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री) हे तुमचे विषय आहेत. दुसऱ्या काहीजणांनी शाळांमधील वांशिक विषमता हा विषय घेतला आहे, म्हणजे कोणत्या शाळेला किती निधी मिळतो, कोणत्या मुलांना प्रवेश मिळतो आणि कोणती मुले वर्गाबाहेर काढली जातात, याचा शोध. हे दोन गट वेगवेगळ्या विभागांत बसतात, वेगळ्या परिषदांना जातात आणि एकमेकांचे लेखन क्वचितच वाचतात. तरीही दोघांना एकच पत्र लिहितो आहे, कारण तुम्ही ज्या सरकाराचा अभ्यास करता ते एकच आहे. परदेशी शिष्टमंडळांचे स्वागत करणारे आणि शाळांचा निधी ठरवणारे राज्य सरकार वेगवेगळे नसते, आणि या दोन कामांचा संबंध योगायोगाचा नाही, असे माझे ठाम मत आहे.

घटकराज्यांच्या मुत्सद्देगिरीचा अभ्यास ज्या प्रसंगापासून सुरू झाल्याचे बहुतेक ग्रंथ सांगतात, तो प्रसंगच मुळात शिक्षणाचा आहे. १२ एप्रिल १९६५ रोजी माँट्रियलमध्ये परदेशी वाणिज्यदूतांसमोर पॉल जेरँ-लाज्वा यांनी मांडले की, जे विषय देशांतर्गत प्रांताच्या अखत्यारीत आहेत, त्या विषयांबाबत प्रांताला देशाबाहेरही बोलता आले पाहिजे. हे मांडणारे गृहस्थ क्युबेकचे शिक्षणमंत्री होते. त्याच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारी १९६५ मध्ये, क्युबेकने फ्रान्सशी जो करार केला होता तोही शिक्षणाविषयीच होता. म्हणजे या अभ्यासक्षेत्राचा पाया शाळेत घातला गेला. पुढच्या पिढ्यांनी मात्र व्यापार, गुंतवणूक आणि हवामान यांवर सारे लक्ष एकवटले, आणि शाळा हा विषय देशांतर्गत म्हणून बाजूला पडला. फ्रेंच भाषेसाठी जगाकडे दाद मागणाऱ्या त्याच प्रांतात क्री या मूळनिवासी समाजाच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा मंडळाची तरतूद १९७५ च्या जेम्स बे करारापर्यंत झाली नव्हती. या दोन तारखा एकाच प्रबंधात शेजारी ठेवलेल्या मला वाचायला आवडतील.

अमेरिकेच्या संविधानाने राज्यांना परराष्ट्रांशी तह करण्यास मनाई केली आहे. पहिल्या अनुच्छेदाचे दहावे कलम त्याविषयी संदिग्धता ठेवत नाही. शिक्षण मात्र राज्यांच्या हाती आहे. सॅन अँटोनियोतील मेक्सिकन वंशाच्या पालकांनी शालेय निधीतील तफावतीविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये निर्णय दिला की, शिक्षण हा संघराज्याच्या संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून शालेय निधीची लढाई प्रामुख्याने राज्यांच्या न्यायालयांत आणि विधिमंडळांत लढली जाते. ज्या सरकारला तह करता येत नाही, त्याच सरकारच्या हातात ही सत्ता आहे, आणि तिचे परिणाम परदेशातून पाहिले जातात. राज्याच्या परराष्ट्र धोरणाचा खरा मजकूर करारपत्रांपेक्षा येथे अधिक सापडतो.

याचा सर्वांत बोलका दाखला सॅन फ्रान्सिस्कोचा आहे, आणि तो मी जरा विस्ताराने मांडतो. एप्रिल १९०६ च्या भूकंपाने ते शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा परदेशांतून आलेल्या मदतीत सर्वांत मोठा वाटा जपानचा होता. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला शहराच्या शाळा मंडळाने ठराव केला की चिनी, जपानी आणि कोरियन मुलांनी वेगळ्या ‘ओरिएंटल’ शाळेत जावे. सर्व सरकारी शाळांत मिळून जपानी मुले शंभराच्याही आत होती. पण १९०५ मध्ये रशियाला हरवलेल्या जपानने हा राष्ट्रीय अपमान मानला आणि अमेरिकेशी झालेल्या १८९४ च्या तहाचा दाखला देऊन वॉशिंग्टनकडे निषेध नोंदवला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी डिसेंबरमध्ये काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात या ठरावाला दुष्ट मूर्खपणा म्हटले, आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये महापौर व शाळा मंडळाच्या सदस्यांना वॉशिंग्टनला बोलावून घेतले. एका शहराच्या शाळा मंडळाशी राष्ट्राध्यक्षांनी वाटाघाटी कराव्यात, आणि त्यांच्या फलितावर दोन देशांचे संबंध अवलंबून असावेत, असा हा प्रसंग होता.

तडजोड झाली. जपानी मुले पुन्हा सर्वसाधारण शाळांत जाऊ लागली. त्या बदल्यात हवाई, मेक्सिको आणि कॅनडामार्गे येणाऱ्या जपानी मजुरांना अमेरिकेच्या मुख्य भूमीवर प्रवेश बंद झाला, आणि १९०७-०८ च्या ‘सभ्य गृहस्थांच्या करारा’ने जपानने मजुरांना पारपत्रे देणे थांबवण्याचे मान्य केले. मुलांसाठी शाळेचा दरवाजा उघडला, तो त्यांच्या बापभावांसाठी बंदराचा दरवाजा बंद करून. या घटनेकडे केवळ जागतिक दबावामुळे वंशभेद हटला अशा नजरेने पाहणारे लेखन अपुरे आहे, असे मला वाटते ते याच कारणाने.

अधिक महत्त्वाचे म्हणजे, चिनी मुले या तडजोडीत कोठेच नव्हती. मॅमी टेप ही सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेली चिनी वंशाची मुलगी. तिला शाळेने नाकारले तेव्हा चीनच्या वाणिज्य दूतावासानेही निषेध नोंदवला होता, आणि १८८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकालही दिला. पण विधिमंडळाने लगोलग कायदा बदलून वेगळ्या शाळांची सोय केली आणि त्या निकालातली हवाच काढून घेतली. चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी घालणाऱ्या १८८२ च्या बहिष्कार कायद्यानंतर चीनच्या शब्दाला अमेरिकेत वजन उरले नव्हते. १९०६ मध्ये जपानच्या शब्दाला ते होते. एकाच ठरावात नाव असलेली, एकाच वर्णद्वेषाचा सामना करणारी मुले. त्यांच्यातील फरक होता तो पाठीशी उभ्या असलेल्या सरकारच्या ताकदीचा.

हा मुद्दा मला इतका कळीचा वाटतो की, तुमच्या संशोधनाचा प्रश्न तेथूनच सुरू व्हावा असे सुचवतो. घटकराज्यावर जगाचा दबाव येतो तेव्हा तो कोणत्या मुलांसाठी येतो? ज्यांच्यासाठी बोलणारे बाहेर कोणी नाही, त्यांच्या शाळेचे काय होते?

टेक्सासचा इतिहास या प्रश्नाला आणखी एक पैलू जोडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ऑगस्ट १९४२ मध्ये, अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात शेतमजुरांविषयी करार झाला, परंतु टेक्सासमध्ये मेक्सिकन लोकांना मिळणारी वागणूक पाहून मेक्सिको सरकारने त्या राज्यात मजूर पाठवण्यास नकार दिला. शेतमालकांना हात हवे होते. म्हणून १९४३ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने ‘कॉकेशियन’ म्हणजे गोऱ्या वंशाच्या सर्व लोकांना सार्वजनिक ठिकाणी समान वागणूक मिळावी असा ठराव केला, आणि गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन यांनी ‘गुड नेबर कमिशन’ नेमले. एखाद्या घटकराज्याने शेजारी देशाची मनधरणी करण्यासाठी स्वतःची यंत्रणा उभारल्याचे हे ठळक उदाहरण आहे. पण ठरावाची भाषा नीट वाचा. मेक्सिकन लोकांना गोऱ्यांत मोजून त्यांना समानता देऊ केली होती, तीही अंमलबजावणीच्या कोणत्याही तरतुदीशिवाय, आणि त्याच वाक्याने कृष्णवर्णीय टेक्सासवासीयांना बाहेर ठेवले होते. मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळ्या शाळांत बसवण्याची प्रथा बेकायदा ठरायला टेक्सासमधील बॅस्ट्रॉपचा १९४८ चा निकाल यावा लागला, आणि तो खटला पालकांनी आणि स्थानिक संघटनांनी लढवला होता, कमिशनने नव्हे. कॅलिफोर्नियातील लेमन ग्रोव्ह गावच्या पालकांनी १९३१ मध्ये असाच खटला जिंकला, तेव्हा मेक्सिकन वाणिज्यदूताने त्यांना वकील मिळवून दिले होते, हेही येथे नोंदवण्यासारखे.

कृष्णवर्णीय मुलांचा दूतावास कोठेच नव्हता. म्हणूनच कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी संपादित केलेले निवेदन ऑक्टोबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे गेले, आणि त्यात त्यांनी लिहिले की, अमेरिकेला रशियाचा धोका नाही इतका मिसिसिपीचा आहे. एका घटकराज्याचे नाव घेऊन जगापुढे केलेले ते आरोपपत्र होते. त्याच्या आदल्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. अस्पृश्यांनाही तोच मार्ग चोखाळावा लागेल का, याचा विचार त्यांच्या मनात चालू होता. ज्या समाजाला आपल्याच देशात सरकारचे पाठबळ नाही त्याने जगाकडे कसे जावे, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. तुम्ही हा विषय हाती घ्यावा असे मला वाटण्यामागे हेही एक कारण आहे.

डिसेंबर १९५२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ब्राउन खटल्यात, म्हणजे सरकारी शाळांमधील वर्णभेद पुढे घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयातील खटल्यात, जे निवेदन सादर केले, त्यात परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन यांचे पत्र उद्धृत केले होते. शाळांमधील वर्णभेदामुळे देशाच्या परराष्ट्र संबंधांना इजा होत आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. १७ मे १९५४ रोजी निकाल लागल्यावर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीने ती बातमी तातडीने जगभर पोहोचवली. तीन वर्षांनी आर्कान्सासचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना लिटल रॉकच्या शाळेपासून रोखण्यासाठी राज्याचे सैनिक उभे केले आणि त्याची छायाचित्रे देशोदेशींच्या वृत्तपत्रांत छापून आली. २४ सप्टेंबर १९५७ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी, आपले शत्रू या प्रसंगाने आनंदित होत आहेत, असे देशाला सांगितले. फॉबस यांनी परदेशात एकही कार्यालय उघडले नव्हते, एकही करार केला नव्हता. तरीही त्या महिन्यात अमेरिकेच्या कोणत्याही गव्हर्नरपेक्षा त्यांचा जगावरचा प्रभाव मोठा होता. प्रभाव मोजण्याच्या तुमच्या पद्धतीत अशा प्रभावाला जागा आहे का? परदेशी कार्यालयांची संख्या आणि करारांची यादी एवढ्यावरच निर्देशांक बेतला, तर १९५७ च्या आर्कान्सासला त्यात शून्य गुण मिळतील.

प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीविरुद्ध अमेरिकेची अनेक राज्ये संघराज्य सरकारच्या आधी उभी राहिली. मिशिगनने १९८२ मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांना दक्षिण आफ्रिकेशी संबंधित गुंतवणूक काढून घेण्यास सांगणारा कायदा केला आणि कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये मोठ्या प्रमाणावर तसाच निर्णय घेतला. घटकराज्यांनी केलेल्या परराष्ट्र कृतींत मी याला फार वरचे स्थान देतो. पण त्याच मिशिगनमध्ये डेट्रॉइट शहरातील कृष्णवर्णीय मुले आणि भोवतालच्या उपनगरांतील गोरी मुले एका शाळेत यावीत यासाठी आखलेली योजना सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये रद्द केली होती, आणि त्या खटल्यात राज्य सरकार योजनेच्या विरोधात उभे होते. वादातील पहिले नावच गव्हर्नर मिलिकन यांचे होते, आणि १९८२ मध्येही तेच गव्हर्नर होते. यावरून कोणाला दांभिक ठरवायची घाई करू नये. दूरच्या वर्णभेदाविरुद्ध उभे राहणे राजकीयदृष्ट्या का शक्य झाले आणि जवळच्या शाळेचा प्रश्न का सुटला नाही, हे विधिमंडळाच्या कामकाजातून, मतदारसंघांच्या नकाशांतून, कामगार संघटनांच्या भूमिकांतून शोधण्यासारखे आहे.

आजच्या काळातही असे नमुने मिळतील. युटा राज्याने २००८ मध्ये कायदा करून द्विभाषिक शिक्षणाची मोठी योजना सुरू केली. चिनी, फ्रेंच, स्पॅनिश आणि पुढे इतर भाषा निवडताना जागतिक व्यापारात राज्याचे स्थान उंचावणे हा उघड हेतू होता. तिचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवले आहे की, स्थलांतरित मुलांना त्यांच्या मातृभाषेतून न्याय्य शिक्षण मिळावे म्हणून ज्या कार्यक्रमांची सुरुवात झाली, त्यांची मांडणी येथे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या आर्थिक फायद्याकडे सरकली. या वळणाची मुळे शोधताना १९७४ चा लाउ विरुद्ध निकोल्स हा निकालही वाचावा लागेल. इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांना समजेल असे शिक्षण मिळाले पाहिजे, असे सांगणारा तो खटला पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोचाच आहे. ज्या भाषेमागे मोठी बाजारपेठ आहे ती शाळेत मानाने येते. ज्या भाषेमागे केवळ ती बोलणारी गरीब मुले आहेत, तिला वाट पाहावी लागते.

आंतरराष्ट्रीय चाचण्यांविषयी थोडक्यात. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि फ्लोरिडा यांनी पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक देशांत घेतल्या जाणाऱ्या पिसा चाचणीत २०१२ मध्ये स्वतंत्रपणे भाग घेतला आणि जगाच्या तक्त्यात एखाद्या देशासारखे त्यांचे निकाल लागले. मॅसॅच्युसेट्सचे सरासरी गुण त्यानंतर अभिमानाने मिरवले गेले. सरासरी गुण वंशनिहाय फोडून पाहणे हे काम तुमचे आहे, राज्याच्या प्रसिद्धी विभागाकडून त्याची अपेक्षा करता येणार नाही.

आपल्या समाजाचाही यात संबंध येतो. कॅलिफोर्नियाच्या पाठ्यपुस्तकांत प्राचीन भारत आणि जातिव्यवस्था यांचे वर्णन कसे असावे, यावर २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये मोठे वाद झाले, आणि राज्याच्या शिक्षण मंडळासमोर भारतीय वंशाच्या परस्परविरोधी संघटना उभ्या राहिल्या. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख समाविष्ट केला. २०२३ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेले जातभेदविरोधी विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी, सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे कारण देऊन, परत पाठवले. या वादांकडे पाहताना मला पुन्हा १९०६ ची ती मुले दिसतात. भारताबाहेर शिकणाऱ्या दलित विद्यार्थ्याच्या पाठीशी कोणते सरकार बोलणार आहे? वांशिक न्यायाचा अभ्यास गोरे आणि काळे या दोन खणांतच मांडला, तर हा विद्यार्थी कोणत्याच खणात सापडत नाही. त्याला तुमच्या अभ्यासात आणण्यासाठी लागणारी भाषा आणि समज तुमच्याजवळ आहे, आणि आपल्यापैकी अनेकांना ते गैरसोयीचे वाटले तरी ते काम टाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक कायदेशीर दुवाही कमी वापरला गेला आहे. वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार अमेरिकेने १९९४ मध्ये मंजूर केला. त्याच्या पाचव्या अनुच्छेदात शिक्षणाचा हक्क नमूद आहे. मंजुरी देताना अमेरिकेने आपली भूमिका नोंदवली की, जे विषय राज्यांच्या अखत्यारीत आहेत तेथे अंमलबजावणी राज्ये करतील. म्हणजे या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातील समितीला दिलेल्या वचनाची शैक्षणिक बाजू प्रत्यक्षात राज्यांच्या राजधान्यांत आणि शाळा मंडळांत पाळली किंवा मोडली जाते. सॅन फ्रान्सिस्को शहराने १९९८ मध्ये स्त्रियांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, संघराज्याने तो मंजूर केलेला नसतानाही, स्वतःच्या कायद्यात आणला होता. वांशिक भेदभावाचा करार तर मंजूर झालेला आहे. कोणत्या राज्याने तो आपल्या शाळांच्या संदर्भात कधी गांभीर्याने वाचला, याचा तौलनिक अभ्यास करता येईल.

वेळेचाही विचार करा. २० मार्च २०२५ च्या आदेशाने संघराज्याचे शिक्षण खाते गुंडाळण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि त्याच महिन्यात शैक्षणिक आकडेवारी गोळा करणाऱ्या राष्ट्रीय केंद्रातील बहुतेक कर्मचारी कमी करण्यात आले. वांशिक तफावतींची तुलना करण्यासाठी जी आकडेवारी आपण गृहीत धरत होतो, तिचा आधार डळमळीत झाला आहे, आणि राज्यांकडे अधिक सत्ता जाताना ती कशी वापरली जाते हे नोंदवणारे डोळे कमी झाले आहेत. राज्यांची स्वतःची अभिलेखागारे, शाळा मंडळांची इतिवृत्ते, गव्हर्नरांच्या कार्यालयातील पत्रव्यवहार ही साधने आता पूर्वीपेक्षा महत्त्वाची झाली आहेत. परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेले जुने पत्रव्यवहाराचे खंड शिक्षणाच्या अभ्यासकांनी उघडावेत, आणि शाळांच्या खटल्यांची कागदपत्रे परराष्ट्र संबंधांच्या अभ्यासकांनी वाचावीत. दोन मार्गदर्शक दोन विभागांतून घेण्याची मुभा बहुतेक विद्यापीठे देतात. तिचा उपयोग करा. निधी देणाऱ्या संस्थांकडे अर्ज करताना व्यापाराचे आकडे आणि वर्गातले आकडे एकाच प्रस्तावात मांडण्यास कचरू नका, जरी परीक्षक विषय फार पसरला आहे असे म्हणाले तरी.

कोणी कोठून सुरुवात करावी असे विचारले, तर मी टेक्सासचे नाव घेईन. गुड नेबर कमिशनची कागदपत्रे ऑस्टिन येथे राज्याच्या ग्रंथालय व अभिलेखागारात आहेत. त्यांच्या शेजारी त्याच वर्षांतील शालेय खटल्यांची आणि मेक्सिकोच्या परराष्ट्र खात्याची कागदपत्रे ठेवून कोणी वाचली, तर १९४३ च्या ठरावातील ‘कॉकेशियन’ या एका शब्दाने कोणती मुले आत आली आणि कोणती बाहेर राहिली, याची जिल्हावार नोंद करता येईल. त्यासाठी स्पॅनिश शिकावी लागेल आणि काही वर्षे द्यावी लागतील. जे कोणी हे काम हाती घेतील त्यांनी आपले निष्कर्ष मराठीतही लिहावेत, ही माझी शेवटची मागणी आहे.

आपला नम्र,
या विषयाचा एक मराठी वाचक